यकृतातले कंडक्टर

आमच्या ह्यांना मधुमेह निघाला त्या दिवशी मी रडले, सासूबाई रडल्या, तिकडे निलंग्याला माझी आई रडली, आणि एक माणूस मनातल्या मनात खूश झालं. ते माणूस म्हणजे स्वतः हेच. पण हे मला कळायला चोवीस वर्षं आणि एक इंजेक्शन लागलं.

आमचे हे म्हणजे विश्वंभर बिडवे. लातूर डेपोला कंडक्टर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून घसा इतका झिजवला होता, की घरी आल्यावर बोलायला काही शिल्लकच राहायचं नाही. आमटी कशी झाली विचारलं तर "ठीक". मी नवीन साडी नेसले तर "ठीक". या माणसाला काय आवडतं आणि काय नाही, हे मी ताटाकडे बघून ओळखायला शिकले. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात आईनं जावयाला जेवायला बोलावलं. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास. तो तीनेक वर्षांनी येतो, आणि त्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे असतात. कणकेच्या गोळ्यात गच्च पुरण भरायचं, उकडायचं आणि वर तुपाची धार सोडायची, हा धोंडा. माझी आई सुंदराबाई, तिच्या हातचे धोंडे गल्लीत नावाजलेले. नव्या जावयानं त्या दिवशी अकरा खाल्ले. आईला आभाळ ठेंगणं झालं. "माझ्या जावयाला गोडाची लई हौस," असं तिनं पार बसस्टँडपर्यंत सांगितलं.

पुढच्या धोंड्याच्या महिन्याआधीच ह्यांच्या रक्तात साखर निघाली. आईनं ऐकलं आणि देवघरासमोर मटकन बसली. "मीच घातलं गं त्यांच्या पोटात," म्हणाली. "माझ्याच हातानं." मग तिनं देवाला सांगितलं, जावई ज्या दिवशी माझ्या हातचा अख्खा धोंडा खातील, त्या दिवशी मी गोड खाईन. तोवर नाही.

माझी आई म्हणजे चहासोबत गुळाचा खडा चघळणारी बाई. पण सोडलं ते सोडलं. माझ्या भावाच्या लग्नात नाही, नातवाच्या बारशाला नाही. देवाचा पेढासुद्धा कपाळाला लावून शेजारच्या कलावतीमावशीच्या हातावर ठेवायची. धोंड्याचे महिने येत गेले. दरवेळी जावयाला औक्षण, टॉवेल-टोपी, आणि ताटात पिठलं, भाकरी, ठेचा. हे मान खाली घालून मन लावून जेवायचे. आई पदरानं डोळे पुसायची. मला वाटायचं, बिचारे दोघं.

*

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यात नव्या इंजेक्शनची शिबिरं सुरू झाली. ह्यांच्या दंडावर साखर मोजणारा पॅच होता, तो साखर वाढली की माझ्या फोनवर कोकलायचा. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर ठिपके दिसायला लागले होते. मी ह्यांना हाताला धरून नेलं.

डॉक्टर नाझनीन म्हणजे चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी पोरगी. पण समजावून सांगायची हातोटी अशी, की वाटावं हिला शाळेत घालावं, शिकवायला.

"काका, बस सोडायच्या आधी तुम्ही काय करायचात?"

"माणसं मोजायचो. मग डबल बेल."

"पेशीतही तसेच कंडक्टर असतात. एका पेशीच्या दोन होतात ना, तेव्हा प्रत्येक गुणसूत्र आपापल्या दोरीला नीट बांधलंय की नाही, हे काही प्रथिनं तपासतात. एक जरी सुटं असलं तरी पेशीला पुढं जाऊ देत नाहीत."

"सुटं म्हटलं की अजून डोकं दुखतं माझं," हे म्हणाले.

"आता गंमत ऐका. यकृताच्या पेशी एरवी फारशा विभागत नाहीत. म्हणजे बस डेपोत उभी. मग हे कंडक्टर काय करत असतील?"

"कँटीनला जातील."

डॉक्टरीण इतकी हसली की डोक्यावरचा चष्मा खाली आला आणि तिला सापडला. "आम्हालाही वाटलं होतं, नुसते बसून असतील. पण ते बसत नाहीत. दुसरंच काम अंगावर घेतात."

ते काम असं. पेशीभोवती पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यावर इन्शुलिनसाठी घंटा टांगलेल्या असतात. इन्शुलिन येतं, घंटा वाजवतं, आणि पेशी रक्तातल्या साखरेचा बंदोबस्त करते. घंटा वाजून झाली की पडद्याला तिथं खळगा पडतो, खळग्याची पिशवी होते आणि पिशवी घंटेसकट सुटून आत जाते. पेशीच्या आत अशा पिशव्यांची सतत ये-जा चालू असते. काही घंटा परत बाहेर येतात, काही भंगारात जातात. तर घंटा आत ओढायची वेळ झाली, हे सांगतं कोण? हेच कंडक्टर. घंटेचं शेपूट धरून ते पिशव्या करणाऱ्यांना हाक मारतात.

"काही जणांचे कंडक्टर फार उत्साही असतात," नाझनीन म्हणाली. "घंटा टांगली रे टांगली की आत ओढतात. पाहुणा दारात उभा आणि दाराला घंटाच नाही. इन्शुलिन बिचारं बाहेरच फिरत राहतं. या कंडक्टरांना आवरणारं आणखी एक प्रथिन असतं."

"ट्रॅफिक कंट्रोलर," हे म्हणाले.

"अगदी! आपलं इंजेक्शन त्या कंट्रोलरचा हात बळकट करतं. फक्त डेपोत उभ्या असलेल्या पेशींत. जी पेशी खरंच विभागायला निघालीय, तिच्या वाटेला जात नाही."

मी विचारलं, "म्हणजे हा आजार गोड खाऊन होत नाही?"

"काकू, मधुमेहाला कारणं पुष्कळ असतात. पण काकांच्या तपासणीत स्वच्छ दिसतंय, त्यांचे कंडक्टर जन्मापासूनच असे. कुणी कधी चार लाडू खाऊ घातले असतील, त्याचा दोष नाही."

मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं आणि बाहेर येऊन तिथूनच आईला फोन केला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, "डॉक्टर लोक मन राखायला बोलतात. ते जाऊ दे. आता त्यांना गोड चालतंय का, तेवढं सांग."

"चालेल म्हणे."

पलीकडून डाळीचा डबा उघडल्याचा आवाज आला. अधिक मास अजून सहा महिने लांब होता.

*

इंजेक्शनानं काम केलं. दोनेक महिन्यांत पॅच गप्प झाला, मग काढूनच टाकला. ठिपके वाढायचे थांबले. पण डॉक्टरिणीनं आधीच सांगितल्याप्रमाणे एक मजा झाली. औषधाचा थोडा अंश जिभेवरच्या चवीच्या पेशींतही पोचतो, आणि तिथल्या गोडाच्या घंटाही आत न जाता बाहेरच राहतात. वर्षभर तरी गोड हे भलतंच गोड लागतं. चमचाभर साखरेचा चहा म्हणजे पाक.

ही इंजेक्शनं गावोगाव झाली आणि आमच्याकडचं जगच जरा सरकलं. मिठाईवाल्यांनी जिलबी एका वेढ्याची केली. पेढा हरभऱ्याएवढा झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं गुलाबजामची स्वप्नं पाहिली होती, ते एक कण जिभेवर ठेवून "बास बास" म्हणायला लागले. आणि सगळ्यांत मोठा घात पंगतीत झाला. पूर्वी "मला शुगर आहे" म्हटलं की वाढपी हात जोडून पुढं जायचा. आता तोच वाकून विचारतो, "इंजेक्शन झालं ना? मग घ्या की अर्धी!"

हे सगळं मी हसत बघत होते. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र शेवटची बस चुकलेल्या माणसाची कळा यायला लागली होती. मला वाटलं, रिटायरमेंटचं असेल.

मग धोंड्याचा महिना लागला, आणि आईचा फोन आला.

"जावईबापूंना घेऊन ये. आणि मंदे, ते जिभेचं कौतुक मला सांगू नको. चिमणीच्या चोचीएवढा तुकडा खाऊन माझा नवस फिटायचा नाही. देवाला मी अख्खा धोंडा बोललेय."

"बरं."

"ऐंशीला टेकले मी. पुढचा धोंड्याचा महिना माझ्या हिशेबात धरू नको."

*

लातूरहून निघालो. बॅटरीची छोटी गाडी, चालवते मी. ह्यांना बसमध्ये उभं राहून आयुष्य गेल्यामुळे गाडीत बसलं तरी वरचा दांडा धरायची सवय. औसा मागं गेलं. मग एकदम, "मंदे, गाडी जरा बाजूला घे."

मला वाटलं, मळमळतंय. गाडी बाभळीखाली उभी केली.

"मला गोड आवडत नाही," हे म्हणाले.

"इंजेक्शनामुळं तसं होतंय. कमी होईल हळूहळू."

"इंजेक्शनामुळं नाही. पहिल्यापासून."

"कधीपासून?"

"आईचं दूध सुटल्यापासून."

मी वळून बघितलं. माणूस गंभीर होता. "मग ते अकरा धोंडे?"

"नावडतं आधी संपवायचं, अशी सवय मला. एक धोंडा भराभर खाऊन टाकला, म्हटलं आता निवांत भाकरी खावी. ताटात जागा मोकळी दिसली, की मामींनी दुसरा वाढला." आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. "तो संपवला की तिसरा. मी घाईनं खात होतो म्हणून त्या घाईनं वाढत होत्या. अकराव्याला परात रिकामी झाली, म्हणून सुटलो."

मला हसू फुटलं. स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसले. हॉर्न वाजला, तरी हसत होते. मग एकदम आठवलं. "आणि मी दर सणाला बिनसाखरेची खजुराची खीर करत होते ती? गोड गोळ्यांचा शिरा?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"बोला की!"

"ते धोंड्यापेक्षा अवघड होतं."

"अहो, मग तोंड का नाही उघडलं कधी?"

"आपल्याकडं 'आवडत नाही' हे कुणी कारण धरतं का? 'खाऊन तर बघा' म्हणतात. 'आमच्या हातचं वेगळं असतं' म्हणतात. शुगर निघाली तेव्हा मला पहिल्यांदा खरं कारण मिळालं गं. डॉक्टर सांगत होते आणि माझ्या मनात एकच, सुटलो." जरा थांबून म्हणाले, "आणि मग कळलं, मामींनी गोड सोडलंय. तेव्हापासून अडकलो."

आता मला हसू येईना.

"जिभेचं कारण सांगा," मी म्हटलं. "एक घास खा आणि सांगा, सोसत नाही. खोटं नाहीच ते."

"मग मामी आणखी तीन वर्षं थांबतील. ऐकलंस ना, हिशेबात धरू नको म्हणाल्या."

"मग खरं सांगून टाका."

"चोवीस वर्षं एका म्हाताऱ्या बाईनं जीभ बांधून ठेवली. कुणासाठी? ज्याला त्याचं काहीच नव्हतं त्याच्यासाठी. हे कोणत्या तोंडानं सांगू?"

शेवटी ह्यांनी वरचा दांडा घट्ट धरला. "खातो," म्हणाले. "अख्खा. चल."

*

आईनं दारात पायावर पाणी घातलं. आत पाट, रांगोळी, आणि मधोमध पितळेच्या परातीत तेहेतीस धोंडे, त्यांच्यात तेवणारा दिवा. एकेक धोंडा मुठीएवढा. घरभर वेलदोडा आणि तुपाचा वास. कलावतीमावशी आधीच येऊन चांगली जागा धरून बसली होती.

"जावई नोकरीतून रिटायर झाले म्हणं," मावशी म्हणाली. "सुंदरे, आज त्यांचं पोट पण रिटायर करतेस का काय?"

"गप गं. बसा जावईबापू."

आईनं औक्षण केलं, धोंडा ताटात वाढला आणि वर तुपाची धार सोडली. हे खाली बसले. डावा हात वर गेला, दांडा शोधत. मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि धोंडा फोडला.

पहिला घास गेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसरा गेला. कपाळावर घाम आला. आधीच नावडतं, त्यात जिभेवरच्या झाडून साऱ्या घंटा एकदम वाजत असणार. उत्सवाच्या दिवशी देवळाच्या घंटेत डोकं घालून बसल्यासारखं. पण माणूस हलला नाही. तिसरा, चौथा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"कलावते, बघ, बघ!" आई गहिवरून म्हणाली. "रडूलालेत ते! किती वर्षांनी चव लागली असंल जिभेला!"

शेवटचा घास गेला. ताट मोकळं झालं. आणि मोकळं झालं म्हणजे काय होणार? आईनं दुसरा वाढला.

"अगं, आता तू खा की," मावशीनं धोंडा उचलून आईच्या हातात दिला. "फिटला नवस."

आईनं धोंडा हातात धरला. ओठांपाशी नेला. आणि थांबली.

"आधी त्यांना पोटभर खाऊ दे," ती म्हणाली. "माझ्याच धोंड्यानं रोग लावला होता गं त्यांना. चोवीस वर्षं मी रोज देवाला म्हटलं, लेकीच्या संसारात मी हे काय कालवलं..."

ह्यांनी दुसऱ्या धोंड्याला हात घातला होता. मला खात्री आहे, त्यांनी तो खाल्ला असता. तेहेतीसच्या तेहेतीस खाल्ले असते. पण आईचं ते वाक्य त्यांना गिळता आलं नाही. त्यांनी हात मागं घेतला.

"मामी, मला गोड आवडत नाही."

"काय बोलूलालाव जावईबापू?"

"कधीच आवडत नव्हतं. आणि रोग तुमच्या धोंड्यानं लागला नव्हता." आणि मग माझा नवरा, जो आमटीला ठीक म्हणतो आणि साडीला ठीक म्हणतो, तो पाटावर मांडी घालून बोलायला लागला. "मामी, यकृताच्या पेशीवर घंटा असतात. साखर आवरा, असं सांगायला निरोप्या येतो, तो घंटा वाजवतो. माझ्या पेशीत जी तपासणी करणारी प्रथिनं आहेत, ती जन्मापासून आगाऊ. खरं तर त्यांचं काम पेशीच्या दोन होताना मोजदाद करायचं. ते काम नसलं, की बसून राहवत नाही त्यांना. घंटा दिसली की पिशवीत घालून आत ओढतात. मग निरोप पोचणार कसा? तुम्ही धोंडे घातले नसते तरी हेच झालं असतं. हे तपासून सांगितलंय डॉक्टरांनी. मी समोर बसून ऐकलंय."

आई ऐकत होती. धोंडा तसाच हातात. "तपासणी करणारी म्हणजे?"

"कंडक्टरच म्हणा."

"म्हणजे तुमच्याच खात्यातली माणसं?"

"हो. माझ्याच खात्यातली."

"मी नाही?"

"तुम्ही नाही, मामी."

आईनं एक मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की वाटलं एवढी वर्षं तो आत कुठं ठेवला होता. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"मग अकरा कशाला खाल्ले?"

"तुम्ही वाढले म्हणून."

"आवं, मी वाढले कारण तुम्ही खात होता!"

कलावतीमावशी आधी फुटली. मग मी. आई आमच्याकडे रागानं बघत होती, आणि बघता बघता तिचेच खांदे हलायला लागले. पदर तोंडाशी नेला तरी हसू पदरातून बाहेर. हसता हसता रडली, रडता रडता परत हसली. "अगं बाई, परातभर धोंडे! आणि मी बसस्टँडपर्यंत सांगून आले!"

मग हातातला धोंडा परातीत ठेवून, डोळे पुसून ती उठली. "सरका," जावयाला म्हणाली. ह्यांच्या शेजारी पाट ओढून खाली बसली. "मंदे, ह्यांना भाकरी थाप. ठेचा फळीवर आहे. आणि तो धोंडा त्यांच्या ताटातून काढून माझ्या ताटात घाल."

तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"काय गं?" मावशीनं विचारलं. "कसं झालंय?"

आईनं डोळे उघडले. "मी बरं करते की गं," ती नवलानं म्हणाली.

तो धोंडा संपला. हे उठले, परात उचलली आणि आईसमोर उकिडवे बसले. दुसरा वाढला, वर तूप सोडलं.

"ऐंशीला शुगर लावून घेतीस का बये?" मावशी ओरडली.

"लागली तर लागली. इंजेक्शन आहे की."

तिसरा वाढताना हे म्हणाले, "मामी, हा माझ्यासाठी." उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला आग्रह केलेला मी पाहिला नव्हता. पण माणसं कोंबून भरायचा सराव जुना होता. "सरकवा जरा, जागा होईल. आत मोकळंच आहे."

आई हसत हसत खात होती. हनुवटीवर तूप, ओठाला पुरण, ऐंशी वर्षांच्या तोंडावर आठ वर्षांचं पोर. मी भाकरी तव्यावर टाकून दारातून बघत राहिले, आणि भाकरी करपली.

चौथ्याला तिनं ताटावर हात आडवा धरला. "पुरे."

ह्यांनी हातावरच वाढलं.